आधीं अन्न कीं आधीं आत्मा?

ईश्वर, आत्मा, ब्रह्म यांवर ज्याचा विश्वास आहे, त्याला मार्क्सच्या जडवादाशीं सोयरीक जोडतां येईल काय? आणि मार्क्सचा जडवाद ज्यानें पत्करला, त्यानें पंढरीच्या विठ्ठलाला, महात्मा फुल्यांच्या निर्मिकाला किंवा कचारगडच्या गुहेंतील देवांना हात जोडावे कीं जोडूं नयेत? शेतकरी-कामकऱ्यांच्या चळवळींत हा प्रश्न नवा नाहीं. तो कित्येक सभांत उठला आणि कित्येक सोबत्यांत त्यानें फूट पाडली. एक म्हणतो, देव मानणारा तो धनिकांचा हस्तक. दुसरा म्हणतो, जडवादी म्हणजे खा-प्या-मजा करा म्हणणारा, त्याला नीति कसली? तिसरा शहाणा दोघांच्या पाठीवरून हात फिरवून सांगतो, अहो, दोन्ही वाटा एकाच गांवाला जातात, भांडतां कशाला? आमच्या मतें हे तिघेही चुकतात, आणि तिसऱ्याची चूक सर्वांत महाग पडते. कां, तें आज सांगावयाचें आहे.

पहिल्यानें शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. ध्येयवादी माणूस आणि चैतन्यवादी तत्त्वज्ञानी हे दोन वेगळे आहेत. पोटाला चिमटा घेऊन जो दहाजणांच्या भल्यासाठीं झटतो तो ध्येयवादी. मार्क्स लंडनमध्यें दारिद्र्यांत राहिला, त्या हालांत त्याचीं लहान मुलें दगावलीं, तरी त्यानें हातचें काम सोडलें नाहीं. त्याच्याइतका ध्येयवादी शोधून सांपडणें कठीण. परंतु तत्त्वज्ञानांत तो जडवादीच होता. उलट, सारें जग ब्रह्ममय आहे असें म्हणणारा एखादा सावकार तत्त्वज्ञानांत पक्का चैतन्यवादी असतो, पण त्याची वही उघडली तर ध्येय एकच दिसतें, व्याजावर व्याज. तेव्हां जडवाद म्हणजे लोभ नव्हे आणि चैतन्यवाद म्हणजे साधुत्व नव्हे. वाद आहे तो एवढाच कीं, मुळांत काय आहे? चैतन्यवादी म्हणतो, मूळ चैतन्य. हें दिसणारें जग त्याचा विलास किंवा नुसता भास. जडवादी म्हणतो, मूळ जड सृष्टि. तिच्यांतून जीव, जीवांतून माणूस, आणि माणसाच्या डोक्यांतून विचार. पहिला नंबर एकच असतो. दोघांनाही तो देतां येत नाहीं.

आमच्या कुंभार व कोष्टी बंधूंना कोणी सांगितलें नसेल, पण आपल्या देशांतील थोर थोर दर्शनें त्यांच्याच मडक्यांवर आणि वस्त्रांवर उभीं आहेत. वेदान्ती म्हणतो, माती तेवढी खरी, घट हें केवळ नांव आणि रूप. तसें ब्रह्म खरें, जग नांवापुरतें. नैयायिक म्हणतो, घट आहे तर कुंभार असलाच पाहिजे. तसें जग आहे तर त्याचा कर्ता ईश्वर असलाच पाहिजे. सुतापासून वस्त्र वेगळें कीं तेंच, यावर पिढ्यान् पिढ्या वाद झाले. परंतु चाकाला गति कोणाच्या दंडाची, चिखल तुडवून पाय कोणाचे फुटतात, जळण कोणाच्या डोक्यावरून येतें, आणि भाजलेल्या मडक्याच्या बदल्यांत किती धान पदरांत पडतें, याची चौकशी त्या वादांत सांपडत नाहीं. कुंभाराला दृष्टान्तांत बसविलें, पंक्तींत बसविलें नाहीं. ज्या चार्वाकांनीं परलोकाचा हिशेब इहलोकींच मागितला, त्यांचें म्हणणें आज बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच वाचावें लागतें. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' चार्वाकांपासून सुरू होतो, तो त्यांचें खंडन करण्यासाठीं. फिर्यादीच्या तोंडून आरोपीची कैफियत ऐकावी, तसा हा प्रकार.

आतां चैतन्यवादाचा व्यवहारांत उपयोग कसा झाला तें पाहूं. आद्य शंकराचार्यांनीं सत्याच्या दोन पायऱ्या केल्या, एक पारमार्थिक आणि दुसरी व्यावहारिक. वरच्या पायरीवर सर्व एक. खालच्या पायरीवर ज्याचा त्याचा वर्णाश्रम कायम. म्हणून ज्या ब्रह्मसूत्रभाष्यांत सर्वांभूतीं एकच आत्मा असें सिद्ध केलें, त्याच भाष्याच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाहीं असा निकाल दिला, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसें व लाख ओतावी असें स्मृतिवचनही आधाराला घेतलें. आत्मा एक, पण कान दोन जातींचे! चोखोबांची भक्ति कोणाहून उणी नव्हती. तरी त्यांच्या वांट्याला मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम आलें आणि तें कोसळून ते त्याखालीं गेले, असें परंपरा सांगते. त्यांची समाधि देवळाच्या पायरीपाशीं, देवळाबाहेर. अभंग सहाशें वर्षें गाइले गेले. पंढरपूरचें दार अस्पृश्यांना उघडलें तें १९४७ सालीं, साने गुरुजींचें उपोषण आणि लोकमताचा रेटा लागला तेव्हां.

दूर कशाला जावें? आपल्या भागांत विडीचा धंदा भरांत होता तेव्हां घरोघर आयाबहिणी दिवसभर सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानांत तंबाखू वळीत असत. मजुरी हजारामागें. संध्याकाळीं ठेकेदार जुड्या तपासून वाईट म्हणून विड्या बाजूला काढी, त्या छाटाची मजुरी मिळत नसे. प्रवचनांत ऐकलेलें असे कीं आत्म्याला भेद नाहीं. आत्म्याला छाट नव्हती हें खरें. विडीला मात्र होती, आणि चूल विडीवर पेटत होती. १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं कायदा झाला, तो कामगारांनीं संघटना करून झगडल्यावर. ब्रह्मज्ञानानें मजुरी वाढल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

मग देव मानणारा प्रत्येक जण लबाडच काय? असें म्हणणें हा उघड अन्याय होईल. १८७३ हें साल आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्या सालीं २४ जानेवारीस मार्क्सनें लंडनमध्यें आपल्या 'भांडवल' ग्रंथाच्या दुसऱ्या जर्मन आवृत्तीला शेवटचा लेख जोडला. त्यांत त्यानें सांगितलें कीं, हेगेल या चैतन्यवादी तत्त्वज्ञाची विचारपद्धति डोक्यावर उभी आहे. तिच्यांतील सार घ्यावयाचें तर ती उलटी केली पाहिजे. त्याच सालीं २४ सप्टेंबरला पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला. दोघांची कधीं गांठ पडली नाहीं. जोतीराव जडवादी नव्हते. सर्वांचा एक निर्मिक आहे असें ते मानीत, आणि त्यांच्या मागून १८९१ सालीं प्रसिद्ध झालेलें 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' याच श्रद्धेवर रचलेलें आहे. परंतु हा निर्मिक कोणाचा पोशिंदा होता? त्याच्या आणि माणसाच्या मध्यें दलाल नको, हा सत्यशोधकांचा पहिला दंडक. ज्या देवानें दलालाची नोकरी काढून घेतली, तो देव आणि ज्या देवाच्या नांवानें दलाल गबर झाला, तो देव, यांना एका तागडींत घालणारा जडवादी आंधळाच म्हणावा.

याहून मोठा पेंच 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या पुस्तकांत आहे. त्याच्या आरंभीं जोतीरावांनीं शूद्रांच्या नाशाची जी साखळी दाखविली, तिची पहिली कडी विद्येचा अभाव ही आहे. वित्त शेवटास येतें. आमचे कांहीं मार्क्सवादी मित्र येथें बोट ठेवतात आणि म्हणतात, पाहा, विचार आधीं आणि धन नंतर, हा चैतन्यवादच! त्यांनीं पुस्तकाचीं पुढचीं पानें वाचावीं. तेथें शेतकऱ्याचें खोपट आहे, त्याचें अन्न आहे, सारा आणि लोकलफंड आहे, जंगलखात्यानें बंद केलेलीं कुरणें आहेत, पाटाच्या पाण्याचा दर आहे. पाऊस जमिनींत मुरावा म्हणून सरकारनें पलटणीच्या आणि पोलिसांच्या रिकाम्या हातांकडून ताली व बंधारे घालून घ्यावे, अशी सूचना आहे. शेतकऱ्याच्या दैन्याची इतकी बारीक भौतिक चिकित्सा त्या काळीं मराठींत दुसऱ्या कोणीं केली? मग विद्या पहिली कां? कारण जोतीराव तेथें जग कशापासून झालें हें सांगत नाहींत. शेतकऱ्यानें सुटकेची पहिली वीट कोणती काढावी हें ते सांगत आहेत.

या ठिकाणींच साऱ्या वादाची किल्ली आहे. 'आधीं' हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. उत्पत्तींत आधीं कोण, हा एक प्रश्न. कामाला हात घालतांना आधीं काय, हा दुसरा. आपल्या जिल्ह्यांतला नवेगांव बांध घ्या. सात डोंगर, त्यांमधलें खोरें, पावसाचें पाणी आणि उतार हें सारें माणसाच्या विचाराआधीं होतें. कोणीं मनांत आणलें म्हणून डोंगर उगवले नाहींत. हा जडवाद. परंतु त्या उताराकडे पाहून, येथें पाळ घातली तर पाणी थांबेल आणि खालच्या बांध्या भिजतील, असें कोणाच्या तरी डोक्यांत आधीं उमटलें असलें पाहिजे. पाळ नंतर उठली. मार्क्सनें 'भांडवल' ग्रंथांत नेमकें हेंच सांगितलें आहे. मधमाशी पोळें असें बांधते कीं गवंड्यानें लाजावें. परंतु अगदीं अडाणी गवंडीही घर प्रथम डोक्यांत बांधतो आणि मग मातींत. जो विचाराची एवढी बूज राखतो, त्याला विचाराचा वैरी ठरविणें हा शुद्ध कांगावा होय. त्यानें तर १८४५ सालींच जुन्या जडवाद्यांना बजावलें होतें कीं, माणूस जग नुसतें पाहत नाहीं, तो तें बदलतोही. आणि ही करणी तुम्ही विसरलां म्हणून तिचा विचार चैतन्यवाद्यांनीं केला, तोही हवेंत.

नवेगांव बांधाची गोष्ट येथें संपत नाहीं. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें सांगतात. पुढें लोकांनीं त्यांचा कोलासूर देव केला. देव कसे होतात हें समजण्यासाठीं जर्मनीला जाण्याची गरज नाहीं. फॉयरबाख या तत्त्वज्ञानें १८४१ सालीं ग्रंथ लिहून जें दाखविलें, तें आमच्या तळ्याच्या कांठावर उभें आहे. माणूस आपलेंच थोर कर्तृत्व आपल्यापासून दूर ठेवतो, त्याला शेंदूर फासतो आणि मग त्याच्यासमोर भीत भीत उभा राहतो. कोलासुराला नारळ फोडणाऱ्या आमच्या भावाला आम्ही हंसणार नाहीं. त्याला एवढेंच सांगूं कीं, दादा, हा देव तुझ्यासारखाच माणूस होता, त्याला उताराचें गणित येत होतें. आणि त्याच्यासोबत टोपलीनें माती वाहणारे जे शेंकडों होते, त्यांचीं नांवें ना दगडावर आहेत, ना देव्हाऱ्यांत. त्यांची आठवण कोण ठेवणार?

कोणी विचारील, मालकी बदलली म्हणजे मन आपोआप बदलतें, असा मार्क्सचा सिद्धान्त ना? मग आमच्या तलावांचें काय झालें? प्रश्न रास्त आहे. १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. आज ज्यांना आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतों ते हेच. मालगुजाराचा जाच गेला हें उत्तमच झालें. परंतु गाळ काढणें, पाळ सांवरणें, पाण्याची पाळी लावणें हीं कामें ज्या रीतीनें होत, ती रीतही मोडली. कागद सरकारचा, पाणी सर्वांचें आणि जबाबदारी कोणाचीच नाहीं, अशी स्थिति होऊन कित्येक तलाव गाळानें आणि बेशरमानें भरले. चैतन्यवादी म्हणेल, पाहा, लोकांची नीति बिघडली. आम्ही म्हणतों, नीति हवेंतून बिघडली नाहीं. ज्याचा पाण्यांत वांटा आणि निकालांत शब्द होता त्याला बाजूला सारलें, म्हणून मन उडालें. परंतु पुढचें सत्यही लपवूं नये. कायद्याच्या एका सहीनें सामुदायिक मन तयार होत नाहीं. अर्जुनी मोरगांव भागांत ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनीं जेथें तलावांतलें बेशरम उपटलें, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासळी कशानें वाढते याचें आपल्या आज्यापणज्यांचें ज्ञान कामीं आणलें, तेथें तलाव पुन्हा जिवंत झाले. तेथें हक्क, हात आणि ज्ञान एकत्र आले. त्यांपैकीं एकानेंही दुसऱ्याची वाट पाहत बसावें असें नव्हे.

हीच गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दुसऱ्या रीतीनें मांडली. १९५४ सालीं ते भंडारा मतदारसंघांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. तेव्हां आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यांतच होता. ती निवडणूक ते हरले. दोन वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, त्यांनीं नागपुरास बुद्धाची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर महिन्याभरानें काठमांडूस बुद्ध आणि मार्क्स या विषयावर भाषण केलें. खाजगी मालमत्तेमुळें एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळतें, आणि तत्त्वज्ञानाचें काम जग नव्यानें घडविण्याचें आहे, एवढें मार्क्सचें त्यांना मान्य होतें. हिंसा आणि हुकुमशाही हे मार्ग मात्र अमान्य. त्याऐवजीं माणसाचें मन बदललें पाहिजे, असा त्यांचा आग्रह. हें मन आधीं ठेवणें चैतन्यवाद नव्हे. त्यांच्या बुद्धाला सृष्टिकर्ता देव नाहीं आणि अमर आत्माही नाहीं. उत्पत्तींत नव्हे, तर आचरणांत मन पुढें. रशियांत १९१७ सालीं मालकी बदलली आणि १९९१ सालीं तें राज्य मोडलें. तेव्हां मनाकडे दुर्लक्ष करूं नका असें सांगणाऱ्याला भाबडा म्हणून उडवून लावणें शक्य राहिलें नाहीं.

ब्राह्मणेतर चळवळींतून निघालेल्या मंडळींनींही हा प्रश्न आपापल्या परीनें सोडविण्याचा यत्न केला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनीं शेतकरी कामगार पक्ष काढला आणि त्या पक्षानें १९५० सालीं दाभाडी येथें मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. परंतु वर्ग म्हटलें कीं जात त्यांत आलीच, असें धरून चालल्यानें जातीचें दुखणें तसेंच राहिलें. धुळ्याचे शरद पाटील १९७८ सालीं मार्क्सवादी पक्षांतून बाहेर पडले आणि त्यांनीं सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांची जोड त्यांनीं घातली. पुढें मनाच्या तळांत जात कशी दडून बसते हें उकलण्यासाठीं दिङ्नागाच्या बौद्ध तर्कशास्त्राचीही मदत घेतली. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आम्हांस मान्य आहे असें नाहीं. परंतु शेतमजुराला पाणी देतांना हात आखडणारा शेतकरी स्वतः कर्जांत बुडालेला असतो. त्याचा आणि मजुराचा पोटाचा स्वार्थ एक असूनही हात कां आखडतो, हा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. नुसता धान्याचा हिशेब मांडून तो सुटत नाहीं, आणि नुसत्या प्रवचनानेंही नाहीं.

तात्पर्य काय? सिद्धान्त म्हणून चैतन्यवाद आणि मार्क्सचा जडवाद यांचें लग्न लागत नाहीं. ओढून लावलें तर त्यांत जडवादाचाच बळी जातो. कारण 'दोन्ही खरें' असें म्हटलें कीं शंकराचार्यांच्या दोन पायऱ्या पुन्हा उभ्या राहतात: वर समता, खालीं वेठ. तिसऱ्या शहाण्याची चूक महाग पडते ती अशी. परंतु सिद्धान्त न जुळणारे दोघे जण एका बांधीवर उभे राहूं शकतात. कोणाचा सोबती कोण, हें त्याच्या देव्हाऱ्यावरून ठरवूं नये, तो कोणाच्या बाजूला उभा राहतो यावरून ठरवावें. आपले पूर्वज कचारगडच्या गुहेंतून बंधमुक्त झाले, अशी गोंड बांधवांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेला तेथें लोटणारा समुदाय सुटकेची आठवण जपतो. त्याला जडवादाची परीक्षा घेऊन दारांत अडविणारा मार्क्सवादी आपल्याच घराचें दार लावून घेतो.

म्हणून आमच्या वाचकांना आमचें सांगणें असें. कोणी कोणतेंही तत्त्वज्ञान घेऊन पारावर आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुझ्या तत्त्वज्ञानांत राबणाऱ्या हाताची किंमत काय? तुझी समता मरणानंतरची कीं धान मोजण्याच्या वेळची? आणि आमच्या लेकीसुनांना तूं विद्या देणार कीं नुसता उपदेश? देव मानणारा या तिन्हींना सरळ उत्तर देत असेल, तर त्याला आपला म्हणा. न मानणारा उत्तरें चुकवीत असेल, तर त्याच्या हातांत मार्क्सचे सगळे खंड असले तरी त्याला दूर बसवा. आणि सर्वांत आधीं, आपलें डोकें भाड्यानें देणें बंद करा. विचार करणारे वेगळे आणि राबणारे वेगळे, ही वांटणी जोंवर आहे तोंवर, चैतन्यवाद असो कीं जडवाद, दोन्ही दुसऱ्यांच्याच हातांतलीं हत्यारें राहतील. रोवणी करणाऱ्या बाईनें ज्या दिवशीं हातांत पुस्तक धरलें आणि पुस्तक वाचणाऱ्यानें ज्या दिवशीं चिखलांत पाय घातला, त्या दिवशीं अन्न आधीं कीं आत्मा आधीं, या वादांतलें अर्धें विष उतरेल. उरलेला अर्धा वाद आपण भरल्या पोटानें आणि बरोबरीनें बसून खुशाल करूं.